एमपीएलसाउंड प्रकल्प: हाय-हॅट अखेर सुटली

मागच्या नोंदीत जिथे गाडी रुतली होती ती हाय-हॅट (ड्रमसेटमधली झांजांची जोडी) सुटली. रॉजर लिनच्या एलएम-१ या जुन्या ड्रम मशीनच्या धाटणीचा, संगणकावर बनवलेला ड्रमचा किट आता अमेरिकन गायक प्रिन्सच्या ‘एमपीएलसाउंड’ या अल्बमच्या शेजारी ठेवून ऐकता येतो, आणि या अल्बमवरच्या जुन्या वादाबद्दल काहीतरी ठाम बोलता येतं.

वाद सगळ्यांना माहीत आहेच. मार्च २००९ मध्ये तीन डिस्कचा संच आला, अमेरिकेत टार्गेटच्या दुकानांत ११.९८ डॉलरला. ‘लोटसफ्लॉवर’ गिटारची, ‘एमपीएलसाउंड’ यंत्रांची, आणि तिसरी ब्रिया व्हॅलेंटीची ‘एलिक्सर’. बिलबोर्ड २०० वर संच थेट दुसऱ्या क्रमांकावर चढला, पण समीक्षकांचं काही एकमत होईना. गिटारच्या डिस्कला बऱ्यापैकी मान मिळाला. ‘एमपीएलसाउंड’वर मात्र दोन तट पडले: एकाला प्रिन्सच्या मिनियापोलिस शहराचा मूळ आवाज घरी परतल्यासारखा वाटला, दुसऱ्याला जुन्याच ड्रम मशीनची कोरडी उजळणी. आपला प्रश्न या दुसऱ्या तटासाठी आहे. कोरडेपणा खरंच यंत्राचा आहे का?

किट बनवताना पहिली चाळणी सॅम्पलची, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या आवाजांच्या तुकड्यांची. ‘एलएम-१’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पॅकमध्ये क्रॅश किंवा राइड सिंबल दिसला की ते पॅक परत करा. १९८० च्या एलएम-१ मध्ये बाराच आवाज होते आणि हे दोन्ही त्यांत नव्हते. ते १९८२ च्या लिनड्रम या लिनच्याच पुढच्या मशीनमध्ये आले. माझ्याकडच्या एका महागड्या पॅकमध्ये राइड निघाला, आणि विक्रेत्याने उत्तर द्यायचीही तसदी घेतली नाही. फुकट मिळणारी नीट लेबल लावलेली सॅम्पल्स त्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक असतात.

दुसरी गोष्ट बिटक्रशरची, म्हणजे आवाज कमी बिटांत बसवून मुद्दाम खडबडीत करणाऱ्या प्लगइनची. साधा ८ बिटचा क्रशर लावला की स्नेअरची शेपटी खरखरते. कारण मूळ यंत्रातला डीएसी (आकड्यांचा आवाज करणारा भाग) कम्पँडिंग जातीचा होता: ८ बिटांतच साधारण १२ बिटांची रेंज, आणि आवाज उतरला की खरखरही त्याच्यासोबत उतरते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी म्यू-लॉ कॉम्प्रेशन (हळू आवाजाला जास्त पायऱ्या देणारं, म्यू २५५), मग २५६ पायऱ्या, मग उलट एक्स्पान्शन. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये स्वतः लिहिलेल्या जेएस प्लगइनच्या दहा-बारा ओळींत हे बसतं.

तिसरी, सॅम्पलरचं इंटरपोलेशन (नमुन्यांमधली जागा गुळगुळीत भरणं) बंद करा. एलएम-१ चा सॅम्पलिंग रेट २८ किलोहर्ट्झ. त्याच्या निम्म्यावर, म्हणजे १४ किलोहर्ट्झच्या वर उमटणाऱ्या मूळ आवाजाच्या प्रतिमा मोठ्या प्रमाणात तशाच बाहेर येत, आणि यंत्राची चमक तिथूनच यायची. आवाज एक सप्तक खाली उतरवला की घड्याळ १४ किलोहर्ट्झवर येतं आणि त्या प्रतिमा ७ च्या वरच सुरू होतात. प्रिन्स आवाज खाली उतरवून वापरायचा तेव्हा जो दाणेदार, ठणठणीत कडकपणा यायचा तो हाच. चांगला आधुनिक सॅम्पलर हे सगळं इमानेइतबारे पुसून टाकतो.

एवढं केल्यावर किक आणि क्लॅप जागेवर बसले. हॅट मात्र काही केल्या बसेना. सोळाव्या मात्रांचा साधा पॅटर्न टाकला की टकटकटकटक. प्रत्येक ठोका हुबेहूब सारखा, शिवणयंत्रासारखा. समीक्षकांची तक्रार शब्दशः खरी वाटावी असा निर्जीव आवाज.

उत्तर मूळ सर्किटमध्येच आहे. एलएम-१ मध्ये हॅटचं सॅम्पल ठोक्यागणिक पहिल्यापासून सुरू होत नाही. ते आत अखंड फिरत राहतं, आणि ठोका पडला की फक्त व्हीसीएचं (आवाज कमीजास्त करणाऱ्या सर्किटचं) दार उघडतं. दार उघडताना सॅम्पल कुठे असेल ते त्या क्षणावर. त्यामुळे लागोपाठचे दोन ठोके सहसा एकसारखे निघत नाहीत. आजच्या सॅम्पलरला हे कुणी सांगितलेलंच नसतं.

एसएफझेड या सॅम्पल-फाइलच्या प्रकारात ऑफसेट-रँडम (सुरुवातीची जागा दरवेळी बदलणारी सूचना) वापरून पाहता येतं. कामचलाऊ आहे, पण मन भरत नाही, कारण ते निव्वळ यादृच्छिक असतं आणि कधीकधी शेजारचे दोन ठोके एकाच जागी पडून जातात. खरी कृती ही:

रीपरमध्ये हॅटचा लांब आवाज लूप करून एका ट्रॅकवर सलग अंथरा, जोडावर २० ते ३० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड. त्यावर रीगेट (आवाजाचं दार उघडझाप करणारं रीपरचं प्लगइन), डिटेक्टर ऑक्झिलरी इनपुटवर, आणि पॅटर्नच्या क्लिक ३/४ चॅनलवर पाठवा. प्री-ओपन शून्य. अटॅक शून्य ठेवलात तर तरंगाच्या मध्येच दार उघडून टिचकी ऐकू येते, म्हणून अर्धा ते एक मिलिसेकंद. बंद हॅटला रिलीज ६० मिलिसेकंदांच्या आसपास, उघड्या हॅटला ३५०, आणि दोघींचे ट्रॅक वेगळे.

खरी मेख लूपच्या लांबीत आहे. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० बीट) सोळावी मात्रा १२५ मिलिसेकंदांची. लूप बरोबर एक सेकंदाचा घेतलात तर दर आठ ठोक्यांनी तीच जागा परत येते आणि सगळ्या खटाटोपावर पाणी. लूप १०३७ मिलिसेकंदांचा ठेवा. मग तीच साखळी परत यायला १०३७ ठोके लागतात, म्हणजे दोन मिनिटांहून जास्त.

त्यावर थोडा स्विंग, म्हणजे दर दुसरी सोळावी मात्रा किंचित उशिरा. रॉजर लिनच्या पद्धतीत ५० टक्के म्हणजे सरळ, ६६ म्हणजे तिहाईच्या जवळ. ५४ ला दुसरी सोळावी मात्रा फक्त १० मिलिसेकंद उशिरा येते. कानाला स्विंग असा जाणवत नाही, पण ताठरपणा गेलेला असतो. ६२ ला ३० मिलिसेकंद, ते या गाण्यांना जास्त होतं.

आणि किट डोलायला लागला! त्याच पॅटर्नमध्ये, एकही सूर न घालता. फार सुख वाटलं.

म्हणून माझं मत असं: जुन्या यंत्राला दोष देणारे चुकीच्या दारावर थाप मारत होते. ‘एमपीएलसाउंड’ जिथे थकवतो तिथे कारण गायकाच्या आवाजावरच्या प्रक्रियेत आहे. रॅपर क्यू-टिपसोबतचं ‘चॉकलेट बॉक्स’ घ्या. गायकीवर इतके थर आहेत की खालच्या तालाला श्वास घ्यायला जागा उरत नाही. ‘ओल’ स्कूल कंपनी’ सात मिनिटांहून लांब आहे आणि मला ते पूर्ण चालतं, कारण तिथे ताल उघडा आहे. मूळ आवाज परतला म्हणणारा तट तालाबद्दल बरोबर, पण गाण्यांबद्दल जरा जास्तच उदार.

पुढचा बेत गायकीचे थर वेगळे काढायचा होता, तो थांबवतोय. त्याआधी प्रिन्सचाच २०१० चा ‘२०टेन’ याच कसोटीवर घ्यावा असं आता लिहिताना वाटतंय. वर्तमानपत्रांसोबत फुकट वाटलेला तो अल्बमही असाच दुभंगलेल्या मतांचा, आणि सिंथ-ड्रमचा पोतही जवळचा. ज्यांच्याकडे ती डिस्क आहे त्यांनी रिप करताना (संगणकावर उतरवताना) लक्ष द्या: नऊ गाण्यांनंतर १० ते ७६ हे ६७ ट्रॅक नुसत्या शांततेचे आहेत आणि ‘लेडाउन’ ७७ व्या जागी लपलंय. रिप पूर्ण डिस्कची एकच फाइल व क्यू-शीट (ट्रॅक कुठे सुरू होतात त्याची यादी) अशी करा, मूळ प्रत जपा, आणि ऐकायच्या प्रतीतून ते ६७ काढून टाका. नाहीतर शफलवर बहुतेक वेळा शांततेचाच ट्रॅक लागेल. ‘एव्हरीबडी लव्ह्ज मी’पासून सुरुवात करतो, टेम्पो मोजून लूपची लांबी त्याप्रमाणे नव्याने ठरवावी लागेल.