आतून मऊ पडलेली नळी

गाडी आता ओझ्यासह चढ चढते आहे. खरे तर एवढ्याने माझे समाधान व्हायला हवे होते. पण मिस्त्रींनी पेट्रोलची जुनी नळी उभी चिरून माझ्या हातावर ठेवली तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. बाहेरून ती अगदी धड होती. कुठे भेग नव्हती, कुठे ओल नव्हती. आतले रबर मात्र फुगून मऊ झाले होते, आणि बोट फिरवताच त्याचा काळा लगदा बोटाला लागला. ‘दादा, आतनं विरघळाय लागलंय,’ एवढेच ते म्हणाले.

या बिघाडाने आम्हांला बरेच फिरवले. सपाट रस्त्यावर आमची एफसी-१५०, म्हणजे जीपचा जुना मालवाहू ट्रक, कसलीही कुरकुर न करता धावायची, पण मागे पत्रे भरून वाघबीळचा चढ लागला की अडखळू लागायची आणि मध्येच बंद पडायची. थोडा वेळ थांबले की पुन्हा सुरू. अशा वेळी पहिला संशय प्लगच्या ठिणगीला वीज पुरवणाऱ्या कॉइलवर जातो, कारण तापल्यावर दगा देणारी कॉइलही नेमके हेच करते. मात्र बंद पडल्या क्षणी प्लगची ठिणगी पाहिली, तर ती निळी आणि ठसठशीत होती. मग पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या तोंडात पाहत ॲक्सिलरेटर दाबला. पेट्रोलची बारीक पिचकारी उडायला हवी होती, ती उडाली नाही. त्यातली पेट्रोल साठवणारी फ्लोटची वाटी कोरडी पडली होती. टाकीच्या झाकणाचे भोक बुजले तर आत निर्वात होऊन पेट्रोल येईनासे होते, म्हणून झाकण सैल ठेवून चालवून पाहिली. फरक पडला नाही. या गाडीत इंजिन केबिनमध्येच, दोन आसनांच्या मध्ये असते, तेव्हा उष्णतेने नळीत पेट्रोलची वाफ होऊन वाट अडत असावी, असा अण्णांचा तर्क होता. त्यांचा उपायही तयारच होता: डिझेल इंजिन बसवा. त्याविषयी आज लिहिण्याची माझी इच्छा नाही.

निकाल लागला तो मिस्त्रींच्या एका साध्या चाचणीने. त्यांनी टाकीकडची जोडणी सोडवली, केबिनच्या बाहेर एक डबा पक्का बांधला आणि त्यातून नव्या नळीने इंजिनावरच्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपाला (‘एसी’ हे त्याचे कंपनीचे नाव) पेट्रोल दिले. (अग्निशामक हाताशी असल्याखेरीज हे कुणी करू नये.) तेच ओझे घेऊन, त्याच चढावर गाडी एकदाही न अडखळता वर गेली. म्हणजे पंप निर्दोष, कार्बोरेटर निर्दोष, टाकीच्या बाजूलाच काहीतरी अडते आहे. चेसिसवरून येणारी लोखंडी नळी आणि पंप यांना जोडणारा वीतभर रबरी तुकडा तेवढा उरला होता. इंजिन संथ चालते तेव्हा पेट्रोल थोडे लागते, आणि तेवढे त्यातून जात असे. चढावर मागणी वाढली की पंपाच्या ओढीने आतले मऊ रबर एकमेकांना चिकटायचे. गाडी थांबली की ओढ संपायची, वाट मोकळी व्हायची आणि आम्ही पुन्हा कॉइलला दोष द्यायला मोकळे.

कारण इतके स्वच्छ सापडल्यावर राग निवायला हवा. माझा निवत नाही. रबर फुगले ते पेट्रोलमधल्या इथेनॉलने, आणि ते इथेनॉल उसाच्या रसापासून, मळीपासून होते. आता मका आणि तांदूळही त्यात आले आहेत, पण आमच्या भागात प्रश्न उसाचाच. वीस टक्के मिश्रणाचे लक्ष्य २०३० वरून २०२५ वर आणले गेले तेव्हा आम्हीच आनंदलो होतो, कारण इथेनॉलचे पैसे आले की कारखान्याकडून बिल वेळेवर निघण्याची आशा वाटते. ही गाडी आबांनी उसाच्याच बिलावर घेतली होती. आपल्याच शेतातले काही आपल्याच दारच्या गाडीला आतून पोखरते आहे, हे मला सहन होत नाही आणि रागावायचे कुणावर, हेही कळत नाही. कारखान्यावर? उसावर? एवढ्या जुन्या गाडीचा विचार कुणी करायचा होता? काल रात्री वाटत राहिले की या गाडीची काळजी असलेला मी एकटाच उरलो आहे, बाकी सगळे तिच्या बंद पडण्याची वाट पाहत आहेत.

आज मात्र पंप खोलून बसलो असताना आबांची आठवण आली. २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, तेव्हा शिशाचे संरक्षण गेल्यामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ज्यांवर टेकतात त्या सीटा लवकर झिजतील या काळजीने त्यांनीही जेवण सोडले होते. या इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये असतात, त्यामुळे ते काम सोपे नव्हते. तरी त्यांनी उद्यमनगरातून कठीण धातूच्या सीटा करून आणल्या, बसवल्या आणि तक्रार बंद केली. पेट्रोल तेव्हाही बदलले होते. त्यांना राग आला नसेल असे मला वाटत नाही; पण तो कुणावर काढायचा, याचा शोध घेत ते बसले नाहीत, एवढे मला आठवते. २१९९ सीसीचे ते बिडाचे इंजिन इथेनॉलने विरघळणार नाही. विरघळते ते रबर, आणि रबर बदलता येते.

इथेनॉल सोसणाऱ्या विटॉन रबराचे अस्तर असलेली, ‘एसएई जे३० आर९’ असा इंधन-नळीच्या मानकाचा छाप असलेली नळी मिळाली आहे. पंपाचा डायफ्राम (लवचिक पडदा) आणि कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणाऱ्या नीडलचे रबरी टोकही त्याच जातीचे घ्यायचे ठरवले आहे. पावसाळ्यात गाडी उभी राहील तेव्हा टाकी अर्धी ठेवायची नाही, कारण इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते आणि पाणी फार झाले की ते दोन्ही तळाला वेगळे बसतात, नेमके तिथूनच पंप ओढतो. प्लग काढून पाहिले तर पांढुरके दिसले. वजनाने शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, इथेनॉलला सुमारे ९ पुरतात, आणि जेट, म्हणजे कार्बोरेटरमधले पेट्रोल मोजून सोडणारे बारीक तोंड, तोच राहिला की नव्या मिश्रणात हवा जास्त पडते. तेव्हा मुख्य जेट एक नंबर मोठा घालावा लागेल. तो बसवून, वाघबीळ चढवून, प्लग तपकिरी झालेले पाहिल्याशिवाय मी अण्णांना फोन करणार नाही.