चातुर्मासात चालवलेली कार्डं: कास्पा मायनिंगचा माझा अनुभव

कास्पा हे बिटकॉइनसारखं एक आभासी नाणं. कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डाला सतत गणितं सोडवायला लावून अशी नाणी मिळवायची, याला मायनिंग म्हणतात, आणि त्यात वीज बरीच जाते. म्हणून सुरुवात मी लाईट बिलापासून केली. मिरजेत माझा लग्नाच्या फोटो-व्हिडिओंचा स्टुडिओ आहे आणि गाळ्याला व्यावसायिक मीटर आहे. स्थिर आकार तसाही भरावाच लागतो, तो वगळला आणि बाकीची रक्कम (वहन आकार, वीज शुल्क वगैरे धरून) युनिटांनी भागली. बारा रुपयांच्या आसपास भाव निघाला. मावसभाऊ म्हणाला, "मशीन घरी ने की, घरची वीज स्वस्त." पण घरगुती दर 100, 300, 500 युनिट अशा टप्प्यांनी चढतो. फ्रिज, गिझर, पाण्याची मोटर यांनी खालचे टप्पे आधीच भरलेले असतात, त्यामुळे मायनिंगचं प्रत्येक युनिट वरच्याच टप्प्यात पडणार. शिवाय घरच्या मीटरवर धंदा करायचा नव्हता. मशीन गाळ्यातच राहिलं.

कार्डं होतीच. आषाढी एकादशी ते तुळशीचं लग्न या काळात मुहूर्त नसतात, त्यामुळे रेंडरची (व्हिडिओ तयार करण्याची) दोन्ही मशीनं बरीचशी बसून. एकात आरटीएक्स 3070 कार्ड, दुसऱ्यात 3060 टीआय, दोन्ही हप्त्यांवर घेतलेली.

15 सप्टेंबर 2022 ला इथेरियम या मोठ्या नाण्याने मायनिंग कायमचं बंद केलं आणि प्रूफ ऑफ स्टेकवर (गणितांऐवजी नाणी तारण ठेवून व्यवहार तपासायच्या पद्धतीवर) गेलं. जगभरच्या ग्राफिक्स कार्डांचं मुख्य काम एका दिवसात संपलं आणि ती सगळी गर्दी इथेरियम क्लासिक, रेव्हनकॉइन, अर्गो, फ्लक्स अशा नाण्यांवर उतरली. नवी नाणी रोज ठरावीकच निघतात. वाटेकरी वाढले की प्रत्येकाचा वाटा कमी होतो, डिफिकल्टी (गणिताची अवघडता) वाढते. नफा दाखवणाऱ्या कॅल्क्युलेटरवर सकाळी हिरवा असलेला आकडा संध्याकाळी लाल व्हायचा. तो आकडा त्या घडीच्या भावाचा आणि त्या घडीच्या गर्दीचा असतो, एवढं ध्यानात आल्यावर मी त्यावर नाणं निवडायचं सोडलं. त्याऐवजी नाणं निघतं कसं, त्याचं वेळापत्रक काय आणि सुरुवातीला कुणी स्वतःसाठी साठा बाजूला ठेवलाय का, हे बघायला लागलो.

त्यात कास्पा आवडलं. नोव्हेंबर 2021 मध्ये सुरू झालेलं, आधीच काढून ठेवलेली नाणी नाहीत, त्या वेळी दर सेकंदाला एक ब्लॉक (व्यवहारांच्या नोंदींचा गठ्ठा; तो ज्याला सापडेल त्याला नवी नाणी). मे 2022 पासून सेकंदाला 440 नाणी निघत होती आणि हा आकडा दर महिन्याला थोडा उतरत वर्षभरात निम्मा होणार होता. महिन्याला साधारण 5.6 टक्के घट. हे 440 आलं कुठून? गाळ्यामागे पेट्या (हार्मोनियम) दुरुस्त करणारे एक काका बसतात, त्यांना मी पुढचे आकडे वाचून दाखवले: 440, 415, 392, 370... काका लगेच म्हणाले, "अरे, ह्या तर पेटीच्या पट्ट्या! एकेक स्वर खाली उतरतोयस तू." बरोबर होतं. वर्षाचे बारा महिने म्हणजे सप्तकाचे बारा स्वर, आणि सप्तक खाली आलं की आंदोलनं (स्वराची सेकंदाला होणारी कंपनं) निम्मी. मिरजेत राहून हे मला पेटीवाल्याकडून कळावं यात नवल नाही. कामाची गोष्ट एवढीच, की जो लवकर बसेल त्याला जास्त स्वर मिळणार.

प्रत्यक्ष मांडणी म्हटली तर साधी, पण प्रत्येक पायरीला एक खोच. आधी वॉलेट, म्हणजे नाणी ठेवायचं डिजिटल पाकीट. बारा शब्दांची किल्ली मिळते, ती वहीत पेनाने लिहिली, फोटो काढला नाही. मग मायनिंगचा प्रोग्रॅम. मी लोलमायनर घेतला, तोही मूळ लेखकाच्या गिटहब (प्रोग्रॅम ठेवायची साइट) पानावरूनच. विंडोज डिफेंडर अशा प्रोग्रॅमना व्हायरस समजून उडवून टाकतं, म्हणून त्या एका फोल्डरला सूट द्यावी लागते. हीच सूट मागत खरे व्हायरसही आत येतात, म्हणून ज्या मशीनवर बँकेचं काम चालतं त्यावर हे केलं नाही. गिऱ्हाइकांच्या लग्नाचे फुटेजही आधी वेगळ्या डिस्कवर हलवले.

बॅच फाइलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या छोट्या फाइलमध्ये, एकच ओळ: अल्गोरिदम (गणिताची पद्धत), पूलचा (एकत्र मायनिंग करणाऱ्यांच्या गटाचा) पत्ता, वॉलेटचा पत्ता, मशीनचं नाव. एकट्याने ब्लॉक सापडायची वाट बघण्यापेक्षा पूलमध्ये शेअर (आपण केलेल्या कामाचे पुरावे) जमा करायचे आणि वाट्याप्रमाणे नाणी घ्यायची. पूलचा सर्व्हर सिंगापूरचा निवडला. ब्लॉक सेकंदाला एक, त्यामुळे युरोपातल्या सर्व्हरपर्यंत उत्तर पोचेस्तोवर ते शिळं व्हायचं प्रमाण जास्त होतं.

खरी गंमत कार्डाचं सेटिंग बसवण्यात आली. इथेरियमला मेमरीचा वेग लागायचा, कास्पाच्या अल्गोरिदमला मेमरीचं फारसं काम नाही, सगळा भार कोअरवर, म्हणजे कार्डाच्या मुख्य चिपवर. म्हणून मेमरीचा क्लॉक (वेग) 810 मेगाहर्ट्झला बांधून टाकला आणि कोअरचा वेग एकेक पायरी खाली आणत गेलो. हॅशरेट (गणितं सोडवायचा वेग) थोडा पडायचा, वॉट मात्र भरपूर पडायचे. 3070 शंभर-एकशेदहा वॉटवर अर्ध्या गिगाहॅशच्या (गिगाहॅश म्हणजे सेकंदाला एक अब्ज प्रयत्न) आसपास स्थिरावलं. प्रोग्रॅम दाखवतो ते वॉट फक्त कार्डाचे असतात. भिंतीच्या सॉकेटला पाचशे रुपयांचा मीटर लावला तेव्हा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा), मदरबोर्ड, पंखे धरून खरा आकडा दिसला. पुढचे सगळे हिशेब मी त्याच मीटरवर केले.

इथेरियम बंद पडल्यामुळे बाजारात वापरलेली कार्डं स्वस्त झाली होती, तेव्हा कोल्हापूरहून आणखी एक 3060 टीआय आणलं. विकणाऱ्याच्या घरी बसून अर्धा तास पूर्ण लोडवर चालवलं, पंख्याचा आवाज ऐकला, तापमान चढून कुठे थांबतं ते पाहिलं, मग पैसे दिले. तिन्ही कार्डं मिळून भिंतीवर चारशे वॉटच्या आसपास, म्हणजे दिवसाला दहा युनिटं, एकशेवीस रुपये. त्या वेळच्या भावाने नाण्यांतून विजेचे पैसे जेमतेम निघत.

लाईट जायची ती पावसाळ्यात जातेच. इन्व्हर्टरवर हा भार टाकायचा नाही हे ठरलेलं होतं. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज आली की मशीन आपोआप सुरू व्हावं अशी सोय केली आणि बॅच फाइल स्टार्टअपमध्ये टाकली. बाबा शटर उघडायला जायचे तेव्हा त्यांना एवढंच सांगितलं होतं, की पंखा फिरत नसलेलं कार्ड दिसलं तर मेन स्विच बंद करा. "एवढी मशीनं फिरतात, पण निघतं काय ते दिसत नाही," असं ते रोज म्हणत.

आता कराचं. हा भाग कार्डापेक्षा महत्त्वाचा आहे असं माझं मत. 1 एप्रिल 2022 पासून अशा आभासी मालमत्तेच्या विक्रीवर 30 टक्के कर, वर सेस, म्हणजे 31.2. वजावट फक्त खरेदी किमतीची. आणि मायनिंगच्या पायाभूत सोयींचा खर्च खरेदी किंमत धरला जाणार नाही, हे सरकारने मार्च 2022 मध्ये लोकसभेत सांगितलंय. माझ्या सीए मॅडमनी खबरदारीची बाजू घेतली: "दादा, खरेदी किंमत शून्य धरा आणि वीज विसरा." मग कागदावर मांडलं. समजा शंभर रुपयांची नाणी निघाली, सत्तर विजेचे गेले, एकतीस कराचे. शंभरात तूट! अमेरिकेतल्या माणसाला जे नफ्याचं वाटेल ते इथे तोट्याचं ठरू शकतं, फक्त या एका नियमामुळे. त्यामुळे आज काढून आज विकणं आपल्याकडे निरर्थक आहे. नाणं नवं असताना, भाव पडलेला असताना काढायचं आणि ठेवायचं, एवढाच एक अर्थ उरतो. आणि ते धाडस विजेचे पैसे पूर्ण बुडाले तरी चालतील एवढ्याच रकमेचं करायचं.

तुळशीचं लग्न झालं, कामं सुरू झाली, मग मशीनं रात्रीच चालायची. 2023 च्या मध्यावर कास्पाची खास यंत्रं, म्हणजे एसिक, बाजारात आली. आइसरिव्हर केएस0 नावाचं हातात मावेल एवढं डबडं 65 वॉटवर 100 गिगाहॅश काढत होतं. माझं कार्ड शंभर वॉटवर अर्धा. म्हणजे त्या एका डबड्यापुढे दोनशे कार्डं लागली असती. त्याच आठवड्यात मी कास्पा बंद केलं. पुढे नेक्सा आणि अलेफियम ही दुसरी नाणी थोडे दिवस चालवून पाहिलं, पण सवय म्हणून. हिशेब बसला नाही.

नाण्यांचा भाव तोवर कित्येक पटींनी चढला होता. विकण्याची वाट मात्र लांबची. भारतीय एक्स्चेंजवर (अशी नाणी विकण्या-घेण्याच्या ऑनलाइन बाजारात) कास्पा मला मिळालं नाही, म्हणून आधी परदेशी एक्स्चेंजवर, तिथे यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं नाणं) करून मग इथल्या एक्स्चेंजवर, आणि रुपये होताना 1 टक्का टीडीएस. पहिल्यांदा अगदी किरकोळ रक्कम पाठवून पाहिली, ती पोचल्यावरच बाकीची. अनोळखी माणसाकडून थेट खात्यात पैसे घ्यायचा मार्ग टाळला, कारण ते पैसे कुठल्या फसवणुकीतले निघाले तर सायबर पोलिसांच्या पत्रावरून आपलंही खातं गोठतं. निम्म्याहून अधिक नाणी विकली, बाकी वॉलेटात आहेत. डिसेंबर 2023 मध्ये एफआययूने (केंद्र सरकारच्या आर्थिक गुप्तवार्ता यंत्रणेने) नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा काढल्या तोवर माझं काम उरकलेलं होतं. विवरणपत्रात व्हीडीएची (आभासी मालमत्तेची) स्वतंत्र अनुसूची असते, त्यात प्रत्येक विक्रीची तारीख आणि रक्कम लिहावी लागते. पूलमधून आलेल्या प्रत्येक जमेची नोंद मी पहिल्यापासून एक्सेलमध्ये ठेवली होती, म्हणून ते संध्याकाळभरात झालं.

कोल्हापूरचं कार्ड नंतर सांगलीच्या एका इंजिनिअरिंगच्या मुलाला विकलं, त्याला ब्लेंडर हा थ्रीडी चित्रांचा प्रोग्रॅम शिकायचा होता. त्याचा पहिला प्रश्न, "काका, मायनिंगला वापरलंय का?" मी हो म्हणालो, तापमानाच्या नोंदी उघडून दाखवल्या आणि लोड लावून अर्धा तास बसवलं. त्याने हजार रुपये कमी केले, तेवढे दिले सोडून.