हरेल त्याचं टेबल

मंगळवार, रात्री साडेअकरा

आज पूल खेळताना लबाडी केली. लहानपणी गोट्या खेळताना याला रडीचा डाव म्हणायचो, आणि खेळणाऱ्याला पुढचे चार दिवस कुणी घ्यायचं नाही. आज कुणी काही म्हटलं नाही. म्हणूनच लिहून ठेवतोय.

ऑफिसातून थेट पार्लरला गेलो होतो. आमचं पार्लर म्हणजे एका जुन्या इमारतीचं तळघर. स्नूकरची दोन टेबलं, पूलची तीन, एक खडखडणारा कूलर आणि पावसाळ्यात भिंतींना सुटणारी ओल. हवा दमट झाली की कापड जड पडतं, बॉल नेहमीसारखा पळत नाही, आणि जून ते सप्टेंबर हरणाऱ्या प्रत्येकाकडे एकच सबब तयार असते. आमच्या वयाचे बहुतेक जण स्नूकरच्या टेबलावर असतात. मी मात्र पूलवाला. बारा फुटी टेबलाचा पल्ला मला झेपत नाही आणि चष्म्यातून स्नूकरचा लांबचा रेड, म्हणजे लाल बॉल, दोन दिसतो.

समोर तो इंजिनिअरिंगचा मुलगा होता. महिन्याभरापासून खेळतोय माझ्याशी. हात चांगला आहे, घाई फार. पहिल्या दिवसापासून मला ‘काका’ म्हणतो. सत्तेचाळिसाव्या वर्षी काका म्हटलेलं आता लागत नाही, पण टेबलापाशी लागतं.

एट-बॉल चालू होता, म्हणजे आपापले बॉल घालवून शेवटी काळा आठ नंबर घालवेल तो जिंकला. दोन-दोन गेम झाल्या होत्या. ही शेवटची, आणि हरेल त्याचं टेबल, म्हणजे टेबलाचं भाडं हरणाऱ्याने भरायचं. माझे स्ट्राइप, म्हणजे पट्ट्यांचे बॉल, त्याचे प्लेन, एकरंगी. माझा अकरा नंबर आणि त्याचा तीन नंबर कोपऱ्याच्या पॉकेटजवळ जवळजवळ चिकटून बसले होते, मध्ये जेमतेम एक नख जाईल एवढी फट. व्हाइट तिरका. अकराची कड पातळ घेतली तर तो जाणार, पण केसभर चुकलं तर व्हाइट आधी तीनला लागणार. आधी त्याचा बॉल लागला की फाउल. मग व्हाइट त्याच्या हातात, टेबलावर हवा तिथं ठेवून खेळणार. त्याचे दोनच बॉल उरले होते, तेही मोकळे.

मी वाकलो, मारलं. अकरा गेला.

पण मारताना कळलंच. अकराची पातळ कड आधी लागली असती तर व्हाइट फारसा वेग न गमावता लांबच्या कुशनकडे, म्हणजे टेबलाच्या कडेकडे, गेला असता. तो तिथंच अडखळला, आणि तीन नंबर जरुरीपेक्षा जास्त जोरात बाजूला सरकला. आवाजही वेगळा आला, ‘टक’ ऐवजी ‘ट-टक’. वीस वर्षं खेळणाऱ्याला हे डोळे मिटूनही समजतं. मी मान वर केली. तो पॉकेटकडे बघत होता. पार्लर सांभाळणारे मामा लांबच्या टेबलावर रॅक लावत, म्हणजे नव्या गेमसाठी बॉल मांडत होते.

मी चॉक घेतला, स्टिकच्या टोकाला लावला आणि पुढच्या बॉलकडे वळलो. एवढंच. पुढे तेरा गेला, मग काळा. त्याने हात मिळवला, “मस्त खेळलात काका” म्हणाला आणि काउंटरवर जाऊन तासाचे २०० रुपये भरले.

घरी आलो तर आमटी गार झाली होती.

बुधवार

दिवसभर तोच ‘ट-टक’ कानात. मीटिंगमध्ये एकाने पेनने टेबलावर टकटक केलं तरी दचकलो.

आमच्या पार्लरमध्ये पाट्या आहेत. पुण्यात तळघरात गेलं म्हणून पाटी चुकत नाही. ‘टेबल बसण्यासाठी नाही. बसण्यासाठी खुर्च्या केल्या आहेत.’ दुसरी: ‘मॅसे शॉट टीव्हीवर बघावा. कापड फाटल्यास पूर्ण किंमत वसूल केली जाईल.’ (मॅसे म्हणजे स्टिक उभी धरून बॉल वळवायचा शॉट.) तिसरी, चहाच्या कपाचं चित्र काढून त्यावर लाल फुली. पण इथं जे खरोखर पाळायचं असतं त्यातलं एकही पाटीवर नाही. ते मामांकडून शिकायचं, तेही टोमण्यातून.

मामा म्हणजे आमचे मार्कर. बॉल लावणं, गुण मांडणं, टेबलाला ब्रश मारणं, वाद सोडवणं, सगळं तेच. वय विचारलं तर सांगत नाहीत. तरुणपणी एका क्लबात मार्कर होते, तिथं साहेब लोकांच्या फ्रेमा, म्हणजे स्नूकरचे डाव, मांडता मांडता इतके बघून शिकले की आजही बसल्या बसल्या कुणाचा कोपर बाहेर जातोय ते सांगतात. मी नवा असताना चॉक उलटा, म्हणजे निळी बाजू खाली करून, टेबलाच्या कडेवर ठेवला होता. मामांनी काही न बोलता तो सुलटा केला, कडेवरचा निळा डाग फडक्याने पुसला आणि ते फडकं माझ्या हातात दिलं. त्यानंतर आजतागायत मी चॉक उलटा ठेवलेला नाही.

तसंच बाकीचं. समोरचा वाकलेला असताना त्याच्या शॉटच्या रेषेत उभं राहायचं नाही. राहिलातच तर निदान हलायचं नाही. आपली पाळी नसताना टेबलापासून दोन पावलं मागे. दुसऱ्याच्या स्वतःच्या स्टिकला न विचारता हात लावायचा नाही, ही तर फार मोठी गोष्ट. माणूस एक वेळ मोटरसायकल देईल. तुक्क्याने बॉल गेला तर हात वर करायचा. टीव्हीवरचे खेळाडू निमूटपणे बोटं उचलतात. आमच्याकडे सगळं पार्लर “तुक्काऽऽ” म्हणून ओरडतं, मग कानकोंडं होऊन हात वर होतोच. चांगल्या शॉटला टाळ्या नाहीत, स्टिकचा बुंधा दोनदा जमिनीवर टेकवायचा.

आणि सर्वांत वरचं म्हणजे आपला फाउल आपण सांगायचा. स्नूकरमध्ये शर्टाची बाही रेडला लागली तरी फाउल, आणि ते कित्येकदा ज्याची बाही त्यालाच कळतं. शेफिल्डच्या क्रूसिबल थिएटरमध्ये १९७७ पासून जागतिक स्पर्धा होते. तिथं पांढरे हातमोजे घातलेला रेफरी हाताच्या अंतरावर उभा असतो, वर कॅमेरे, तरीही खेळाडू स्वतःहून सरळ उभा राहून फाउल सांगतो. मी हे कितीदा बघितलंय आणि बघताना कितीदा शेजारच्याला कौतुकानं कोपर मारलंय!

गंमत म्हणजे या सभ्य खेळाचं नावच मुळात चिडवण्यातून आलंय. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने (पुढे पंतप्रधान झाला तो हा नव्हे) रंगीत बॉल वाढवून हा खेळ खेळायला सुरुवात केली. विलायतेतल्या वुलविचच्या लष्करी अकादमीत नवख्या पोरांना ‘स्नूकर’ म्हणत, म्हणजे आपल्या भाषेत बच्चा. सोपा बॉल चुकवणाऱ्या सोबत्याला चेंबरलेन तसं म्हणाला आणि मग आपण सगळेच इथं बच्चे, असं म्हणत तेच नाव खेळाला चिकटलं. नियम पुढे उटीच्या क्लबात नीट बसवले गेले. ब्रिटिश गेले, मेस गेली, मार्कर हा शब्द मात्र तसाच राहिला.

मामांचे आदर्श विल्सन जोन्स. जोन्स पुण्यात १९२२ साली जन्मले आणि १९५८ ला कलकत्त्यात हौशी खेळाडूंच्या जागतिक बिलियर्ड्स स्पर्धेत जिंकले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेला पहिला जगज्जेता. बिलियर्ड्स-स्नूकरचा जगज्जेता पंकज अडवाणीही जन्माने पुण्याचाच, पण तो वाढला बंगळुरूत, म्हणून मामा त्याला अर्धाच आपला मानतात. काउंटरमागे जोन्स यांचा वर्तमानपत्रातून कापलेला फोटो आहे. काल पैसे भरताना तो मुलगा नेमका त्याच्या खाली उभा होता. हे उगीच आठवतंय.

एक मान्य करायला हवं. आमची ही रीतभात सगळ्यांना सारखी मिळत नाही. मागच्या महिन्यात दोन मुली खेळायला आल्या. त्यातली एक स्टिक धरण्याच्या पद्धतीवरूनच कळत होती की मुरलेली आहे. तरी दहा मिनिटांत तीन जण तिला शिकवायला पुढे. एरवी शॉटच्या रेषेतून बाजूला होणारे हेच, आता तिच्या मागे उभे राहून “थोडं खालून मार” करत होते. तिने तिघांचं ऐकून घेतलं, चौथा यायच्या आत टेबल साफ केलं. मामांनी स्टिक नसल्यामुळे झाडूचा दांडा दोनदा जमिनीवर टेकवला. त्या परत आल्या नाहीत. आम्ही कुणीच त्या तिघांना काही बोललो नव्हतो, त्यात मीही आलो.

शुक्रवार

गेलो नाही. पाऊस होता. पावसात मी नेहमी जातो.

शनिवार, रात्री बारा वाजून गेले

गेलो. मुलगा आलेला होता, एकटाच बॉल मारत होता. त्याला म्हटलं, आधी जरा बाहेर चल, चहा घेऊ. जिन्यावर उभ्या उभ्या चहा घेतला. मनात चार वाक्यं तयार करून नेली होती. त्यातलं एकही आलं नाही.

“मंगळवारी तो अकरा नंबर होता ना,” मी म्हटलं, “त्याआधी तुझा तीन लागला होता. फाउल होता. मी बोललो नाही.”

तो कपाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “दिसलं होतं काका.”

“दिसलं होतं?”

“हो म्हणजे... तीन जरा जास्तच हलला ना.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुम्ही मोठे आहात. मला वाटलं, तुम्हाला कळलं नसेल. चष्मा आहे ना तुम्हाला.” आणि घाईघाईने, “म्हणजे तसं नाही.”

चष्म्याचं लागलं, खोटं कशाला सांगू. पण त्याहून दुसरं जास्त लागलं. असा अडचणीचा शॉट असला की पार्लरची सरळ रीत आहे: मारण्याआधी समोरचा म्हणतो, “थांबा, कुणाला तरी बघायला बोलावतो.” मग मामा किंवा शेजारच्या टेबलावरचा कुणी येतो, टेबलाच्या पातळीला डोळे नेऊन बघतो आणि तो म्हणेल ते मान्य. यात कुणाचा अविश्वास नसतो, उलट दोघांच्या डोक्याचा ताप वाचतो. माझ्या बरोबरीच्या कुणीही त्या क्षणी मामांना हाक मारली असती. या पोराने मारली नाही, कारण काकांच्या शॉटवर पंच बसवणं म्हणजे काकांवर संशय घेणं. घरात त्याला हेच शिकवलंय. मलाही हेच शिकवलं होतं. वडिलांची चूक दिसली की जमिनीकडे बघायचं. म्हणजे त्याने माझा मान राखला आणि त्याच मानाच्या आडोशाला उभं राहून मी २०० रुपयांचं टेबल त्याच्या बोकांडी मारलं. तो माझ्या पाया पडला असता तर एक वेळ कमी लाज वाटली असती.

पैसे काढले. घेईना. “राहू द्या ना काका” सुरू झालं. ते हॉटेलात बिलावरून चालतं तसं दोघांचं हात पुढे, हात मागे. शेवटी मीच नोटा खिशात घातल्या आणि म्हटलं, एक कर, खाली टेबलापाशी मला काका म्हणू नकोस.

“मग काय म्हणू?”

याचा विचार मी केला नव्हता. नावाने हाक मारायला त्याची जीभ वळणार नाही, ‘सर’ म्हटलं तर ऑफिस आठवतं, ‘दादा’ म्हणायला माझे केस आड येतात. “काहीच म्हणू नकोस,” म्हटलं. “नुसतं ‘अहो’ म्हण.” यावर तो इतका हसला की चहा सांडला. ‘अहो’ म्हणजे आई बाबांना म्हणते ते, म्हणे.

खाली आलो. खेळलो. तिसऱ्या गेममध्ये, देवाची करणी बघा, पुन्हा तसाच शॉट. माझा नऊ, त्याचा पाच, मध्ये फट कमी. मी वाकलो. त्याने घसा खाकरला. मी सरळ उभा राहिलो.

“मामा,” तो म्हणाला, आणि आवाज जरा फाटला, “जरा बघायला येता का?”

मामा आले. आधी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. चष्मा काढून शर्टाला पुसला, परत चढवला आणि गुडघ्यावर हात ठेवून टेबलाच्या कडेशी वाकले. मी मारलं. नऊ गेला. या वेळी मला शंभर टक्के खात्री होती की नऊच आधी लागला. आवाज एकच होता.

“फाउल,” मामा म्हणाले.

मी तोंड उघडलं. मुलगा माझ्याकडे बघत होता. मामा परत कमरेवर हात देऊन उभे राहायच्या खटपटीत होते, त्यांना एकदम उठता येत नाही. मी तोंड मिटलं, व्हाइट उचलला, जुन्या सवयीने पँटला पुसला आणि त्याच्या हातात दिला.

त्याने तिथून टेबल साफ केलं. काळा मारताना घाई केली नाही. मी स्टिकचा बुंधा दोनदा टेकवला.

दीड तास झाला होता. टेबलाचे ३०० झाले, ते मी भरले. अजून मला वाटतंय की नऊच आधी लागला होता.