तुम्ही विचारलंत म्हणून: एवढे मांगा फोनमध्ये भरून कशाला ठेवतेस?

तोंडं बदलतात, प्रश्न तोच. "नेट आता सगळीकडे आहे, मग डाउनलोड करून ठेवायची काय गरज?" आणि त्याला जोडून आलेला दुसरा: "वाचायचंच आहे तर सरळ पुस्तक घे की, मोबाइलवर डोळे कशाला फोडतेस?" आजवर हसून वेळ मारून नेली. मध्यंतरी एका स्नेह्यांनी "ही साठेबाजी झाली" असं सुनावलं, तेव्हा ठरवलं की एकदा सगळं लिहूनच टाकायचं. यापुढे कुणी विचारलं की हेच पुढे करणार आहे.

मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स, एवढं पुरे. ते लहान मुलांसाठीच असतात का, हे मी सांगत बसणार नाही. विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांनी माझ्याकडूनच मालिकांची नावं नेली आहेत.

आधी कागदाचं उरकते. जपानमध्ये 2017 सालीच डिजिटल मांगाची विक्री कागदी खंडांच्या पुढे गेली. जिथे हे बनतं तिथलेच वाचक पडद्यावर वाचतात, मग मलाच पुस्तकाची महती का ऐकवता? आणि लांबलेली मालिका सत्तर-ऐंशी खंडांवर सहज जाते, शंभरी ओलांडलेल्याही आहेत. त्या ठेवायला आख्खी भिंत लागते आणि घर बदललं की ती भिंत खोक्यांत भरून न्यावी लागते. फोनमध्ये एक खंड साधारण शंभर एमबीत मावतो. हिशेब सरळ आहे.

आता खरं सांगते. फोनवर मांगा वाचण्यात फारसं सुख नाही. नेहमीचा छापील खंड साधारण 11 बाय 17 सेंटिमीटरचा असतो, माझ्या फोनचा पडदा जेमतेम सात सेंटिमीटर रुंद. पान बसतं, पण त्याचं क्षेत्रफळ निम्म्याहून कमी होतं. समोरासमोरच्या दोन पानांवर मिळून काढलेलं मोठं चित्र आलं की हाल विचारू नका. फोन उभा ठेवला तर चित्राचे दोन तुकडे होतात. आडवा केला तर सगळी लढाई, घोडे, धूर, शेकडो माणसं, नऊ बाय सात सेंटिमीटरमध्ये कोंबली जातात. ज्या चित्रासाठी चित्रकार आणि त्याचे सहायक रात्र रात्र जागले असतील, ते मी अंगठा टेकला तर झाकलं जाईल एवढ्या जागेत बघते. शिवाय मांगातली राखाडी छटा बहुतेकदा खरी राखाडी नसते, बारीक काळ्या ठिपक्यांची असते. पान लहान होताना ते ठिपके पडद्याच्या पिक्सेलशी जुळत नाहीत आणि साध्या कोटावर नको ते तरंग उमटतात. झूम केलं की तरंग जातात, पण मग पानही जातं.

तरीही एक गोष्ट फोनच्या बाजूने आहे, ती कुणी बोलत नाही. मांगाकार धक्का बहुधा पान उलटल्यावर ठेवतो. छापील खंडात समोरचं पान उघडंच असतं, त्यामुळे डोळा तिकडे चोरून जातो. फोनवर एका वेळी एकच पान दिसतं, चोरटेपणाला वावच नाही. अर्थात हा युक्तिवाद मी नंतर शोधून काढलाय. मूळ कारण एवढंच की फोन हातात असतो.

मग डाउनलोड. हा शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींना वापरतात आणि सगळा घोळ तिथे आहे. एक, ॲपमधलं डाउनलोड: बाणाचं बटण दाबायचं, खूण उमटली की खंड 'ऑफलाइन' झाला. तो त्या ॲपमध्येच उघडतो, बाहेर नाही. दुसरं, फाइल. सीबीझेड म्हणतात तिला. ऐकायला भारी वाटतं, पण ती चित्रांची झिप फाइल असते, दुसरं काही नाही. फाइल आपली असली तर कुठल्याही कॉमिक-रीडरमध्ये उघडते, पण तिचे चोचले पुरवावे लागतात. पानांना 1, 2, 3 अशी नावं असली तर काही ॲप 1 नंतर थेट 10 दाखवतात, म्हणून 001 पासून नावं द्यायची. मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात, म्हणून वाचनाची दिशा तशी लावायची. दोन पानं जोडून बघायची तर मुखपृष्ठ एकटं सोडायचं, नाहीतर पुढच्या सगळ्या जोड्या एकेका पानाने सरकतात आणि अर्ध्या घोड्याला भलत्याच माणसाचं धड लागतं. फोल्डरमध्ये चित्रं सुटी असली तर '.nomedia' नावाची रिकामी फाइल टाकायची, म्हणजे पानं फोनच्या गॅलरीत घुसत नाहीत. (हे मला कसं कळलं? साखरपुड्याचे फोटो दाखवताना मध्येच एक छाटलेलं मुंडकं आलं, तेव्हा.)

एवढा खटाटोप मी पूर्वी करत नव्हते. पूर्वी मी तुमच्याच बाजूची होते. फाइली जमवणाऱ्यांना मीही हसायचे. पैसे भरा, बाण दाबा, खूण आली की विषय संपला, असं इतरांना समजावून सांगणारी मीच होते.

मग आईला दवाखान्यात ठेवावं लागलं. काय झालं होतं ते इथे नको, आता ती ठणठणीत आहे. वॉर्ड तळघरात होता. फोनला नेटवर्क नाही, वायफाय फक्त कर्मचाऱ्यांसाठी. रात्री दिवे मालवायचे, त्यामुळे पुस्तक असतं तरी उपयोग नव्हता. रोग्याजवळ एकानेच थांबायचं आणि रात्री एकदा बाहेर पडलात की सकाळपर्यंत आत सोडायचे नाहीत. हे सगळं आधी कळलं होतं, म्हणून मी तयारीने गेले होते. तेव्हा जी मालिका वाचत होते तिचे उरलेले सगळे खंड घरच्या वायफायवर उतरवून घेतले. एकेका खंडापुढे खूण आलेली डोळ्यांनी पाहिली.

मालिका दोन भावांची होती. समुद्रकाठच्या गावात दोघे मिळून नाव चालवतात. थोरला एके दिवशी बोलायचा बंद होतो, मग एका रात्री नाहीसाच होतो आणि धाकटा वादळात नाव काढून त्याला शोधायला निघतो. मी पडद्याचा उजेड अगदी कमी करून वाचत होते. आईला झोप नव्हती.

"काय गं बघतेयस एवढं?"

मी फोन तिच्यापुढे धरला. तिने सवयीने डावीकडून सुरुवात केली.

"हा आधी बुडतो आणि मग नावेत चढतो?"

मला हसू आवरेना. उजवीकडून बघ म्हटलं. तिने प्रयत्न केला, पण चौकटी उजवीकडून घ्यायच्या आणि त्यांतल्या इंग्रजी ओळी डावीकडून, या कसरतीला ती लवकरच कंटाळली. पूर्वी इंग्रजीत आणताना पानं आरशातल्यासारखी उलटी छापायचे, मग सगळे तलवारबाज डावखुरे व्हायचे. तसलं एखादं असतं तर आईची सोय झाली असती. "तूच सांग," म्हणाली. मग मी कुजबुजत सांगायला लागले. फुग्यातलं इंग्रजी मराठीत करत, कोण कुठे उभा आहे ते सांगत, थोरल्याला दादा आणि धाकट्याला बाळ्या म्हणत. या पुस्तकांना आयुष्यभर 'ती तुझी उलटी पुस्तकं' म्हणणारी बाई मध्येच दंड धरून विचारत होती, "पण दादाला नक्की कुणी बोललं का काही?" ऑपरेशनचा विषय त्या दिवसांत पहिल्यांदाच मागे पडला होता. पहाटे कधीतरी तिला झोप लागली.

दुसऱ्या रात्री तिनेच आठवण केली. "हं, बाळ्याचं पुढे काय झालं?"

मी ॲप उघडलं. राखाडी चौकोन आला: सदस्यत्व तपासण्यासाठी इंटरनेटशी जोडा. चौकोन बाजूला सरकवला, पुन्हा आला. फोन बंद करून चालू केला, तरी तेच. एकेका खंडापुढे 'डाउनलोड झाले' ही खूण मात्र तशीच. स्टोरेजमध्ये जाऊन पाहिलं तर ॲपने जागाही तेवढीच अडवलेली. म्हणजे खंड फोनमध्ये होते, माझ्या हातात होते, आणि मला दिसणार नव्हते. दाराबाहेर जाऊन नेटवर्क शोधायचं तर रात्रभर आईला एकटं सोडावं लागलं असतं.

"नेट नाही गं, उघडत नाहीये," मी म्हटलं.

"पण काल तर म्हणालीस सगळं आत भरून आणलंय."

तुम्ही सगळे मिळून जितक्यांदा विचारलंत त्यापेक्षा हे एक वाक्य मला जास्त लागलं. तिने काही तक्रार केली नव्हती. मीच दिलेला भरवसा तिने मला ऐकवला होता, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी रचायला लागले. वादळ शमलं, बाळ्याला दूरवर दिवा दिसला, खडकावर दादा बसलेला. आईने थोडा वेळ ऐकलं.

"हे तू बनवतेयस," ती म्हणाली. "लिहिणारा इतक्या लवकर सापडू द्यायचा नाही त्याला."

ती भिंतीकडे तोंड करून पडली आणि थोड्या वेळाने ऑपरेशनचं विचारायला लागली. किती वाजता, किती वेळ चालेल, भूल नीट उतरेल ना. मला जे माहीत होतं ते सांगितलं. सकाळी बाहेर येताच फोनला नेट मिळालं आणि ॲप क्षणात उघडलं, काही घडलंच नसल्यासारखं. पुढे वाचल्यावर कळलं, आईचा अंदाज खरा होता. दादा आणखी दोन खंड सापडत नाही.

यावर मला मिळालेला सल्ला ठरलेला आहे: अटी वाचायला हव्या होत्या. वाचल्या मी, नंतर. अशा ॲपमधला खंड कुलूपबंद उतरतो. किल्ली उसनी असते, ठरावीक काळासाठी. तो काळ संपला की ॲपला सर्व्हरकडे जाऊन विचारावं लागतं: ही बाई अजून पैसे भरते का? माझी मुदत नेमकी त्या रात्री संपली. नियमाप्रमाणे सगळं बरोबर झालं, हे मला मान्य आहे. मग त्या खुणेपुढे 'झाले' कशाला लिहायचं, 'सध्यापुरते दिले' असं का नाही, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

आणि मुदत ही तर छोटी गोष्ट. जेमांगा नावाचं ऑनलाइन दुकान 2011 मध्ये मोठ्या थाटात सुरू झालं होतं, जपानी प्रकाशकांच्या पाठिंब्याने. 2013 च्या मे महिन्याअखेर ते बंद पडलं, आणि लोकांनी पैसे देऊन घेतलेले खंडही त्याबरोबर दिसेनासे झाले. तिथले वाचकही 'नेट तर सगळीकडे आहे' याच भरवशावर असणार.

आता तुमचा पुढचा प्रश्न मला माहीत आहे, तोही विचारलेला आहे: मग फाइली आणतेस कुठून? कुलूप न लावता विकणारे थोडे आहेत, त्यांच्याकडून घेते. काही खंड माझ्या कागदी प्रतींवरून मीच स्कॅन केलेत. शूहो सातो या मांगाकारांनी तर 2012 मध्ये 'ब्लॅक जॅक नी योरोशिकु' ही आख्खी मालिका कुणालाही हवी तशी वापरायला मोकळी केली. तीही दवाखान्याचीच, योगायोग बघा. पण एवढ्याने माझं फोल्डर भरत नाही, हे तुम्हालाही कळतं. त्या रात्रीनंतरचे काही महिने मी कसलाच विचार न करता दिसेल तिथून फाइली घेतल्या. मालिकेचे पैसे भरले होते ना? मग कुलूप नसलेली प्रत घेतली तर कुणाचं काय गेलं?

त्या वेळच्या माझ्याशी मी अजून भांडते. तिला सांगते, कुलूप मांगाकाराने लावलं नव्हतं. तो दर आठवड्याला वीसेक पानं काढून पाठ मोडून घेत होता. जिथून तू फाइल घेतलीस त्यांनी त्याला काय दिलं? 'मांगामुरा' ही चोरीची साइट 2018 मध्ये बंद झाली आणि तिच्या चालकाला 2024 मध्ये टोकियोच्या न्यायालयाने 170 कोटी येनच्या आसपास भरपाई द्यायला सांगितली. एवढं नुकसान कुणीतरी सोसलंच असेल ना? यावर ती म्हणते, माझ्या आईला मी साइट चालवून गोष्ट सांगत नव्हते, पैसे भरलेली गोष्ट सांगत होते. इथे मी गप्प होते. मग मी म्हणते, पण तू घेतलेल्या सगळ्याच मालिकांचे पैसे कुठे भरले होतेस? इथे ती गप्प होते.

सध्या ज्या मालिकेचे पैसे भरलेले नाहीत ती ठेवत नाही. ज्यांचे भरले आहेत त्यांच्या फाइली पुसलेल्या नाहीत. हे कायद्यात बसतं का म्हणाल तर बहुधा नाही. न्याय्य आहे का, याचं उत्तर मी दर महिन्याला वेगळं देते. ॲपची वर्गणीही चालूच आहे, कारण नवा चॅप्टर आधी तिथे येतो आणि मला धीर नाही.

एवढं ऐकूनही ज्यांना ॲपवरच राहायचंय त्यांनी एक करा. घरून निघायच्या आधी नेट चालू ठेवून ॲप एकदा उघडा. मग फोन फ्लाइट मोडवर टाका आणि शेवटच्या खंडाचं मधलंच एखादं पान काढून बघा. पहिलं नको, ते कधी कधी नमुना म्हणून तसंही दिसतं.