टेस्ला कॉइल: सेकंडरीवर धावणाऱ्या ठिणग्या अखेर थांबल्या

टेस्ला कॉइल म्हणजे तारेच्या दोन गुंडाळ्यांतून (खालची प्रायमरी आणि तिच्या मधोमध उभी सेकंडरी) अतिउच्च दाब तयार करून हवेत ठिणग्या सोडणारे यंत्र. मागील नोंदीत सांगितलेला माझ्या कॉइलचा नवा टोरॉइड (सेकंडरीच्या माथ्यावरचे धातूचे जाड कडे), म्हणजे स्वयंपाकघरातील चिमणीच्या ॲल्युमिनियम डक्टपासून वळवलेला, 100 मिलिमीटर जाडीचा आणि 340 मिलिमीटर बाह्य व्यासाचा, बसवल्यापासून कॉइल हट्टाला पेटली होती. डिमरस्टॅट (पुरवठ्याचा दाब कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) 140 व्होल्टच्या पुढे नेला की टोरॉइडवरून काहीही बाहेर पडत नसे आणि सेकंडरीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात निळसर ठिणग्या वेढ्यांवरून सरसर वर-खाली धावत. काल रात्री पूर्ण 230 व्होल्टवर जवळपास 50 सेंटिमीटरचे स्ट्रीमर, म्हणजे टोरॉइडवरून हवेत जाणाऱ्या लांब ठिणग्या, निघाले आणि सेकंडरीवर एकही ठिणगी उमटली नाही, म्हणून ही नोंद लगेच लिहीत आहे.

बाकी रचना पूर्वीचीच आहे: 10 किलोव्होल्ट, 30 मिलिअँपियरचा लोखंडी गाभ्याचा निऑन ट्रान्सफॉर्मर, 0.15 मायक्रोफॅरडचे दहा पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर एकसर जोडून 15 नॅनोफॅरड, तीस अंशांत वर उघडणारी तांब्याच्या नळीची प्रायमरी, आणि 110 मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपवर 26 गेजच्या एनॅमल तारेचे सुमारे 1000 वेढे. सेकंडरीचे इंडक्टन्स 21.7 मिलिहेन्री भरते आणि नव्या टोरॉइडसह अनुनाद 240 किलोहर्ट्झच्या आसपास येतो.

अडचण अशी होती की नवा टोरॉइड आणि पावसाळा जवळजवळ एकाच वेळी आले. पुण्याच्या जूनमधील दमट हवेकडे बोट दाखवणे सोपे होते आणि कॉइल बांधणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांचा सल्लाही तोच होता. म्हणून सेकंडरी उतरवून मंद उष्णतेवर वाळवली, पाइपची दोन्ही तोंडे बंद केली आणि पॉलियुरेथेन व्हार्निशचे नवे थर दिले. (तापकीर गल्लीत मिळालेले व्हार्निश सुकल्यावरही चिकट राहत होते, लाकडी फर्निचरसाठी मिळणारे दोन घटकांचे व्हार्निश कितीतरी चांगले निघाले.) ठिणग्या मात्र त्याच जागी आणि त्याच व्होल्टेजला येत राहिल्या. दोष ओलाव्याचा असता, तर कोरड्या कॉइलवर निदान तो आकडा तरी वर सरकायला हवा होता.

मग लक्ष टोरॉइडकडे वळवले. स्पार्क गॅप (दाब पुरेसा चढला की ठिणगी पडून कपॅसिटर प्रायमरीत रिकामा करणारी फट) साधारण 12 किलोव्होल्टला पेटते असे धरले, तर प्रत्येक ठोक्याला कपॅसिटरमध्ये सुमारे 1 ज्यूल ऊर्जा असते. ती सगळी सेकंडरी आणि टॉपलोड (माथ्यावरचा टोरॉइड) यांच्या मिळून जेमतेम 20 पिकोफॅरडमध्ये पोहोचली, तर आदर्श स्थितीत 300 किलोव्होल्टपेक्षा जास्त दाब तयार होतो, म्हणजे वेढ्यामागे सरासरी 300 व्होल्ट. आधीच्या लहान टोरॉइडची वक्रता तीव्र असल्यामुळे तो लवकर फुटून हवेत ऊर्जा सोडत असे. मोठा, गुळगुळीत टोरॉइड तो दाब धरून ठेवतो आणि सगळा ताण वेढ्यांवर येतो. टोरॉइडच्या कडेला पितळेची टोकदार सळई लावून ब्रेकआउट (ठिणगी बाहेर पडायला ठरलेली जागा) दिल्यावर ठिणग्या 140 ऐवजी 185 व्होल्टला सुरू झाल्या. निदान योग्य दिशेला आहे, हे यातून कळले. पण ते अपुरे होते.

उरलेला संशय कपलिंगवर, म्हणजे प्रायमरी आणि सेकंडरी एकमेकींशी किती घट्ट जोडल्या आहेत यावर, होता. ते अंदाजाने न ठरवता मोजले, आणि ही मोजणी इतकी सोपी आहे की ती प्रत्येकाने करावी. उच्च दाबाचा सगळा भाग पूर्णपणे अलग करून एका लहान स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरमधून प्रायमरीत 50 हर्ट्झचा 5 अँपियर प्रवाह सोडला आणि सेकंडरीच्या टोकांवर मल्टिमीटर लावला. 224 मिलिव्होल्ट मिळाले. प्रायमरीचे टॅपपर्यंतचे (जोडणी घेतलेल्या वेढ्यापर्यंतचे) इंडक्टन्स 29 मायक्रोहेन्री असल्यामुळे कपलिंग 0.18 निघाले. एका दोरीने बांधलेल्या दोन लंबकांप्रमाणे प्रायमरी आणि सेकंडरी ऊर्जा एकमेकींना देत-घेत राहतात, आणि कपलिंग जितके घट्ट, तितकी ही देवाणघेवाण जलद होते. 0.18 ला पूर्ण ऊर्जा सेकंडरीत जायला तीनेक आवर्तने, म्हणजे बारा मायक्रोसेकंदही लागत नाहीत. इतक्या थोड्या अवधीत माझी तांब्याच्या नळ्यांची स्थिर गॅप विझू शकत नाही. ऊर्जा परत प्रायमरीत येते, पुन्हा सेकंडरीत जाते, आणि प्रत्येक फेरीत वेढ्यांवरचा ताण टिकून राहतो.

सेकंडरीखाली एचडीपीई प्लास्टिकच्या चकत्या एकेक करून सरकवत गेलो. पायथा 4 सेंटिमीटर उचलल्यावर मीटरने 174 मिलिव्होल्ट दाखवले, म्हणजे कपलिंग 0.14. ठिणग्या पूर्ण थांबल्या. पण स्ट्रीमर 30 सेंटिमीटरवर आले. ते वाढवले ते ट्यूनिंगने: स्ट्रीमर स्वतःच टॉपलोडच्या कपॅसिटन्समध्ये भर घालतात, त्यामुळे टॅप अर्धा वेढा बाहेर घेतला आणि लांबी 42 सेंटिमीटर झाली. गॅपमधून ब्लोअरची हवा सोडल्यावर उरलेले सेंटिमीटरही मिळाले. हा ब्लोअर जुन्या बाजारातील एका बंद पडलेल्या व्हॅक्यूम क्लीनरचा आहे आणि आतापर्यंतच्या सगळ्या खरेदीत मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. ऑनलाइन विक्रेत्यांचे तयार ‘क्वेंच फॅन’ (गॅपमधील ठिणगी विझवणारे पंखे) आवाज करतात, पण त्यांना पुरेसा दाब नसतो.

पुढचे काम म्हणून सिंक्रोनस रोटरी गॅप (विजेच्या आवर्तनांशी जुळवून मोटरने फिरणारी) ठरवली होती आणि त्यासाठी मोटरही पाहून ठेवली होती. परंतु हे आकडे मांडताना लक्षात येते की क्वेंचिंग आणि कपलिंग एकत्रच जुळवावे लागतात, आणि दर वेळी कॉइल उतरवून चकत्या घालणे व्यवहार्य नाही. त्यामुळे आधी नायलॉनच्या आटे पाडलेल्या सळयांवर वर-खाली सरकणारा पायथा करणार आहे, म्हणजे वीज तोडून हवी ती उंची काही क्षणांत लावता येईल. मोटरचे काम नंतर. कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये 1899 साली टेस्लाने घट्ट कपलिंगच्या पहिल्या जोडीपासून वेगळी ठेवलेली तिसरी कॉइल वापरली होती. उच्च दाबाची कॉइल अशी अलग केली, तर हा प्रश्नच वेगळ्या रीतीने सुटतो, आणि तो मार्गही मनात घर करून आहे. मात्र त्यासाठी खोलीपेक्षा मोठी जागा लागेल.

ब्लोअर लावल्यानंतर गॅपपाशी जाण्याचे प्रसंग वाढतात, म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी हे स्पष्ट लिहितो. टेस्ला कॉइलचा प्रवाह केवळ त्वचेवरून जातो म्हणून तो निर्धोक असतो, हा समज चुकीचा आहे, आणि प्रायमरीकडचे 10 किलोव्होल्ट तर थेट प्राणघातक आहेत. प्रत्येक कपॅसिटरला 10 मेगओहमचा ब्लीडर (साठलेला भार हळूहळू सोडणारा रोधक) लावावा, तरीही हात लावण्यापूर्वी प्लग काढून कपॅसिटरची बँक शॉर्ट करावी, आणि कॉइलसाठी घरच्या अर्थिंगपासून वेगळा तांब्याचा रॉड जमिनीत ठोकावा. मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरवर बांधणी करण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

सरकत्या पायथ्यासाठी 16 मिलिमीटरच्या नायलॉन सळया मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळत नाहीत. प्लास्टिक शीट आणि रॉड विकणाऱ्या घाऊक दुकानांत विचारत आहे. ज्यांनी असा पायथा केला असेल, त्यांनी टोरॉइडच्या वजनाखाली सळया वाकतात का, एवढे कळवावे.