तलासरीची गाणी आणि सातबारा

दहा ऑक्टोबरला पालघर जिल्ह्यातल्या तलासरीत असायचंच, हे खूप दिवस मनात होतं. १९४५ साली याच तारखेला तलवाड्याला जमलेल्या वारली आदिवासींवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि त्यांचे साथीदार त्यात गेले. त्यांच्या आठवणीत तलासरीत दरवर्षी लाल बावटे घेऊन पाड्यापाड्यांवरून माणसं येतात. डहाणू रोडला उतरलो, शेअर रिक्षा धरली. दोन्ही अंगांना भात पिवळं पडू लागलं होतं.

मोर्चा थांबला की बायका कमरेत हात गुंफून फेर धरायच्या. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उचलायची. त्यातलंच एक गाणं संध्याकाळी पाड्यावर एका आजीने मला सावकाश म्हणून दाखवलं. त्यात घोषणा एकही नाही. सासऱ्याने कुठला माळ फोडला, शेजाऱ्याने रोपांसाठी राब कुठे भाजला, भाताची पहिली आवणी कुठल्या ओहोळाकाठी झाली, वेठीला कुणाच्या दारात उभं राहावं लागलं, असं एकामागून एक येत जातं. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले की नवरा-बायको दोघंही त्याचे लग्नगडी. ते कडवं म्हणताना तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. मध्येच एक आंबा आला. कुठला, म्हणून विचारलं तर तिने बसल्या जागेवरून हात केला. झाड समोरच होतं, वीज पडून एका अंगाने वाळलेलं, दुसऱ्या अंगाने हिरवं. तिच्या नातीने हल्ली बुलेट ट्रेनच्या मोजणीवाल्यांचं एक कडवं जोडलंय. तेही त्याच चालीवर.

शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या किसान सभेने वेठबिगार मोडली ती याच मुलखात. वेठ गेली, जमीन मात्र अडकली. 'कसेल त्याची जमीन' म्हणत कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. पण फॉरेस्टच्या जागेत पिढ्यान्‌पिढ्या नाचणी पिकवणाऱ्याचं नाव कुठल्या सातबाऱ्यावर असणार? सरकारदरबारी तो अतिक्रमण करणाराच राहिला. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला चार हेक्टरपर्यंत हक्क सांगता येऊ लागला. तोही नीट पदरात पडेना, म्हणून मार्च २०१८ मध्ये हजारो शेतकरी नाशिकहून मुंबईपर्यंत चालत आले. त्यांत आदिवासीच जास्त होते.

वनहक्काच्या दाव्याला पुरावा म्हणून काय चालतं ते नियमात लिहिलेलं आहे. घरं, बांध, विहिरी, देवाच्या जागा चालतात. दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबही चालतो. आजीच्या गाण्यात निम्म्याहून जास्त शेतं दुसऱ्यांची आहेत. त्या सगळ्यांसाठी ते गाणं म्हणजे असा जबाबच आहे, चालीत बांधलेला. मला तर वाटतं, वनहक्क समित्यांनी ही गाणी उतरवून घ्यावीत, त्यांतले माळ, ओहोळ, झाडं नकाशावर दाखवावीत आणि म्हणणारीच्या अंगठ्यासकट फायलीला जोडावीत. म्हणणाऱ्या म्हाताऱ्या होत चालल्या आहेत, तेव्हा हे काम पुढच्या पावसाळ्याआधी सुरू व्हायला हवं.