लायसँडर : मागची काच एकदाची वठणीवर आली

मंडळी, लायसँडर या दुसऱ्या महायुद्धातल्या विमानाच्या माझ्या प्लॅस्टिक मॉडेलची मागची काच अखेर जमली. फ्रेम रंगवताना काचेला रंग लागू नये म्हणून लावलेली टेप सोलली तेव्हा फ्रेमच्या कडा सरळ निघाल्या, काच स्वच्छ होती आणि गोल कोपऱ्यांत रंग शिरलेला नव्हता. मागच्या नोंदीत याच तुकड्याबद्दल सभ्य भाषेत लिहायला मला बरेच कष्ट पडले होते, तेव्हा आजचा आनंद तुम्हाला कळेल.

आधी बाकीचं उरकते. मर्क्युरी इंजिनाचे नऊच्या नऊ सिलिंडर रंगवून झाले. चाकांवरच्या आवरणांची जोडरेषा घासून नाहीशी केली, बॉम्ब टांगायचे आखूड पंख बसले. पुढचा विंडस्क्रीन पहिल्या फटक्यात जमला. तिथल्या काचा सपाट आहेत, आणि सपाट काचेवर टेप कधी त्रास देत नाही.

विमान कुठलं, हे नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. भारतीय हवाई दलाच्या १ नंबर स्क्वाड्रनला १९४१ मध्ये मुंबईच्या वॉर गिफ्ट्स फंडातून, म्हणजे लोकांच्या वर्गणीतून, लायसँडर मिळाली. फेब्रुवारी १९४२ मध्ये ही स्क्वाड्रन ब्रह्मदेशात टाउंगूला गेली. करुण कृष्ण मजुमदार यांच्या नेतृत्वाखाली या संथ विमानांना बॉम्ब लावून त्यांनी जपान्यांच्या तळांवर हल्ले केले; मजुमदारांना पुढे डीएफसी (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस) हे शौर्यपदक मिळालं. मूळ काम मात्र सैन्यासाठी टेहळणीचं, त्यामुळे पायलटपासून मागच्या गनरपर्यंत काचच काच. दोघांच्या मधली पेट्रोलची टाकीसुद्धा लपत नाही. स्पिटफायरचं कसं, चार फ्रेममध्ये भागतं. इथे कॅनपी, म्हणजे कॉकपिटवरची ही सगळी काच, बिघडली की मॉडेलच बिघडलं.

मूळ दुखणं असं, की किटचा साचा जुना. काच जाड आणि फ्रेम इतकी उथळ की तिची कड नखाला लागते, पण टेप लावली की डोळ्याला दिसत नाही. त्यात मागचा तुकडा दोन्ही दिशांनी वळतो, आडवाही आणि शेपटीकडे उतरतानाही. कागदी टेप एका दिशेला वळते. दोन दिशांना वळवायची तर ताणावी लागते. ताणली की बसते, छान दिसते, आणि सकाळपर्यंत आपली मूळची लांबी आठवून हळूच मागे सरकते. कड केसभर उचलली जाते आणि गडद हिरवा रंग आत.

दुसरी भानगड फ्रेमच्या पायथ्याची. टेपची कड काचेवर, फ्रेमच्या अगदी पायाशी टेकायला हवी. ती जराशी फ्रेमवर चढली तरी खाली पोकळी राहते आणि केशाकर्षणाने रंग त्या पोकळीतून पुढे पळत जातो. म्हणजे पायथा सापडला पाहिजे, आणि या किटमध्ये नेमका तोच सापडत नव्हता.

आयते कापलेले मास्क का नाही वापरले, असं विचारलं गेलं. मागवले होते. ते याच विमानाच्या दुसऱ्या किटसाठी बनवलेले, आणि दोन्हींच्या खिडक्यांची मापं जुळत नाहीत. पुढच्या दोन खिडक्यांना कसेबसे चालले, बाकीचे मास्क पाकिटात परत गेले.

तर उपाय. जुना रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलने उतरवला. हा तुकडा अजून चिकटवलेला नव्हता म्हणून ते शक्य झालं. लॅकर थिनर मात्र काचेच्या आसपासही नेऊ नका, तिचं पारदर्शक प्लॅस्टिक, म्हणजे स्टायरिन, त्याने दुधाळ होतं किंवा त्यात बारीक चिरा पडतात. मग पायथा शोधायला कॅम्लिनची फाउंटन पेनची निळी शाई घेतली, धुतली जाणारी. तिच्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, नाहीतर शाई काचेवर मणी धरते. बारीक ब्रशचं टोक फ्रेमला टेकवलं की शाई आपोआप पायथ्याने धावते. वरची पुसून घेतली, कोपऱ्यातली निळी रेघ राहिली. इतके महिने जी कड मी तिरक्या टॉर्चच्या उजेडात शोधत होते, ती समोर आखून मिळाली! या शाईसाठी मी पूर्ण गुण देते.

टेपही बदलली नाही, तिचं काम बदललं. पूर्ण खिडकीवर टेप लावून मग ब्लेडने फ्रेमलगत कापायचं, हे आपण सगळे करतो. वळलेल्या काचेवर तेच नडतं. आता टामियाची टेप एका वेगळ्या, खऱ्या सपाट काचेवर चिकटवून, स्टीलच्या पट्टीने तिच्या १ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या काढल्या. इतकी अरुंद पट्टी न ताणता वळते. खिडकीच्या चारही कडांना फक्त या पट्ट्या, शाईच्या रेघेला लागून. गोल कोपऱ्यात छोटे तुकडे, एकमेकांवर थोडे चढवून. कडा टोक तासलेल्या टूथपिकने दाबल्या. मग जेमतेम ओल्या इअरबडने उघडी शाई टिपून घेतली. ही पायरी गाळू नका, नाहीतर पाण्याच्या क्लिअरमध्ये, म्हणजे पारदर्शक वॉर्निशमध्ये, शाई विरघळून फ्रेमभर निळी होते.

मधली मोकळी जागा मास्कॉलने, म्हणजे वाळल्यावर रबरासारखा होणाऱ्या द्रव मास्कने, भरली. द्रव मास्कबद्दल माझं मत पूर्वीचंच आहे. त्याच्यावर कड सोपवू नये, ब्लेड फिरवलं की रबर फाटतं. मध्ये भरायला मात्र उत्तम, आणि शेवटी दुधावरच्या सायीसारखा अलगद उचलला जातो. अमोनियाच्या वासामुळे खिडकी उघडी ठेवावी लागते, इतकंच. पांढरी लवचीक विनाईल टेपही लावून पाहिली. १:४८ मापाच्या मॉडेलच्या मोठ्या कॅनपीला ठीक असेल. १:७२ च्या लहान मॉडेलच्या कोपऱ्यात ती जाड पडते आणि उसळून वर येते.

फवारणीत नवीन काही नाही. आधी क्लिअरचा पातळ हात, म्हणजे कुठे फट असलीच तर तिच्यात रंगाऐवजी क्लिअर जाईल. मग आतला राखाडी-हिरवा, आतून पाहिलं की फ्रेम त्याच रंगाची दिसावी म्हणून. त्यावर डार्क अर्थ आणि डार्क ग्रीन. दाब १२ ते १५ पीएसआय, एअरब्रश काटकोनात, टेपच्या कडेखाली फुंकर जाईल असा कधीच नाही. पावसाळी हवेत कॉम्प्रेसरचा मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी साठवणारी बाटली) सारखा रिकामा करावा लागतो, ते वेगळं. चार थरांचा मिळून कडेला उंचवटा होतो, म्हणून सोलण्याआधी ११ नंबरच्या ब्लेडचं टोक कडेवरून हलकं फिरवलं आणि टेप स्वतःवरच दुमडून मागे ओढली. ब्लेड मेडिकलमधलं सर्जिकल, ३ नंबरच्या हँडलवर. हॉबीवाल्यांच्या ब्लेडपेक्षा स्वस्त आणि धारदार. टोक मात्र लवकर मोडतं, चष्मा घाला.

पुढच्या काचेच्या टेपचं आता कोडं आहे. मॅट वॉर्निशचा शेवटचा हात होईपर्यंत ती ठेवायची असा बेत होता. पण पंख, त्यांना आधार देणारे स्ट्रट, पाण्यात भिजवून सरकवायची चित्रं म्हणजे डिकॅल, हे सगळं व्हायला वेळ लागणार, आणि तितके दिवस टेप राहिली की तिचा चिकटा काचेला धरतो. तेव्हा ती आत्ताच सोलून मॅटच्या वेळी नवी ढोबळ टेप लावते. कडा तेव्हा फ्रेमच्या आतच राहिल्या तरी चालतील.

राहिलं छत. लायसँडरचे पंख थेट काचेच्या छताला येऊन भिडतात. तिथली फट पुट्टीने भरून घासायची म्हटलं तर काचेवर ओरखडे येणार. म्हणून फेव्हिकॉल भरून ओल्या इअरबडने सपाट करणार. वाळल्यावर तो पारदर्शक होतो आणि रंगही धरतो. छताच्या फ्रेम मास्क करायला घेणार होते, पण हे लिहिता लिहिता सुचलं की तिथल्या पट्ट्या सगळ्या सरळ आहेत. मग मास्किंग हवंच कशाला? कोऱ्या पारदर्शक डिकॅल कागदावर आधी राखाडी-हिरवा, वर कॅमोफ्लाजचा रंग फवारायचा, क्लिअरने बंद करायचा, पट्ट्या कापायच्या आणि जागेवर सरकवायच्या. चुकली तर पाणी सोडून परत हलवता येते. जोडावरून जाणारी पट्टी फेव्हिकॉलची रेघही झाकेल. फक्त पंख बसल्यावर तिथे चिमटा पोचेल का, याची शंका आहे. पोचणार नसेल तर पट्ट्या आधी आणि पंख नंतर, म्हणजे सगळा क्रम उलटा.

पट्टी अर्ध्या मिलिमीटरची बरी की पाऊण, ते स्पेअरच्या डब्यातल्या एका टाकाऊ कॅनपीवर बघते. लायसँडरच्या छताचा वरून काढलेला स्पष्ट फोटो कुणाकडे असेल तर कळवा. माझ्याकडच्या दोन आराखड्यांत आडव्या पट्ट्यांची संख्या जुळत नाही, आणि डिकॅल कापण्याआधी ते मिटवायचंय.